नळे वळणारा रूळ

मी रूळ बोलतोय. आगगाडी पळते तो लोखंडी रूळ नव्हे. मी लाकडाचा, शिसवाचा, हातभर लांब आणि दोन बोटं जाड. वहीत रेघा मारायला मास्तर लोक वापरतात तो गोल रूळ. आणि खरं सांगायचं तर पोरांच्या तळहातावर मारायलाही वापरतात तोच.

संगमनेरच्या एका कातार्‍यानं पलंगाच्या खुरातून उरलेल्या तुकड्यातून मला कातलं. तिथून मी फिरत फिरत पारनेर तालुक्यातल्या चिंचखडक नावाच्या गावी शाळेत आलो. शाळा एका खोलीची. मास्तर एकच. त्यांचं नाव अब्राहाम.

अब्राहाम मास्तरांनी मला कधी पोरावर उगारलं नाही. हजेरीपटावर रेघा मारायच्या आणि मला टेबलाच्या खणात ठेवायचं, एवढंच. तरी पोरं मला घाबरायची. खण उघडला की पुढच्या रांगेतली पोरं हात काखेत घालायची. मला त्याचं वाईट वाटे. आपण काही केलं नसताना कुणी आपल्याला भ्यावं, हे काही चांगलं जिणं नव्हे.

मग एका दिवाळीच्या सुटीत मास्तरांनी मला पिशवीत घातलं आणि गावाबाहेर नेलं. तिथं मला माझं खरं काम सापडलं.

मास्तरांना शोभेची दारू करायचं वेड होतं. लहानपणी नगरला कुणाच्या तरी लग्नात त्यांनी आतषबाजी पाहिली होती आणि ती त्यांच्या डोक्यातून कधी गेलीच नाही. धंदा म्हणून नाही, विकायला तर मुळीच नाही. दुसरा माणूस पेटी वाजवतो, कुणी कबुतरं पाळतो, तसे मास्तर नळे करायचे. नळा म्हणजे जमिनीत रोवून पेटवला की फुलांचं झाड उभं करतो तो.

नळ्याला लागते कागदाची जाड नळी. मास्तर परीक्षेचे जुने पेपर घेत, त्यांना गव्हाच्या पिठाची खळ लावत आणि माझ्या अंगाभोवती घट्ट गुंडाळत. एकावर एक, दहा-बारा थर. मग मला अलगद ओढून काढायचं आणि नळी उन्हात ठेवायची. त्या ओल्या कागदांतून पोरांची अक्षरं माझ्या अंगाला लागायची. 'गाय हा उपयुक्त प्राणी आहे' हे मी किती वेळा अंगावर घेतलंय!

दारू घरात आणायची सोय नव्हती. मास्तरांची बायको मेरीबाई स्वच्छ सांगून मोकळी झाली होती, "दारू ती दारूच. प्यायची असो नाहीतर उडवायची. माझ्या घरात नको." म्हणून मास्तरांनी जागा मागितली ती श्रीमंतकडे.

श्रीमंत नावाचाच श्रीमंत. कोरडवाहू रानाचा शेतकरी, शाळेचं तोंड न पाहिलेला. त्याच्या मळ्याच्या बांधाला एक जुनी दगडी खोपी होती. मास्तरांनी ती मागितली तेव्हा तो म्हणाला, "खोपी घ्या की. पर मलाबी शिकवा."

दोघांचं असं जुळलं की बघत राहावं. मास्तर मोजून-मापून, चष्मा पुसून काम करणारे. श्रीमंत हाताच्या अंदाजाचा. कुठल्या झाडाच्या कोळशानं ठिणगी तांबडी पडते आणि कुठल्यानं पिवळी, हे त्याला वासावरून कळायचं. मास्तर त्याला 'श्रीमंतराव' म्हणत आणि तो त्यांना 'मास्तर, तुमी' म्हणे. दोघांचं वय एकच असेल, पण तो कधी चुकूनही अरे-तुरेवर आला नाही.

मास्तरांचे तिथले दोन नियम होते. विडी बांधावरच विझवायची. आणि लोखंड आत आणायचं नाही, दगडावर घासलं की ठिणगी उडते. खलबत्ता दगडी, चमचा लाकडी, पेटी सागवानी. श्रीमंतच्या कमरेला विळा असला तरी मास्तर त्याला दारातून मागं धाडत.

आणखी एक सवय होती त्यांना. नळा सुकला की त्यावर लाल शाईनं नंबर घालायचा आणि तो कधी लावायचा ते लिहायचं. 'नळा चौथा. पालखी निघताना.' अक्षर कसं, पाटीवर कोरल्यासारखं.

चैत्रात भैरोबाची यात्रा असे. सगळं गाव देवळासमोर जमायचं. मास्तर ख्रिस्ती, पण त्यांचे नळे लागल्याशिवाय यात्रा झाली असं कुणाला वाटत नसे. आणि नाताळात गावातल्या बारा ख्रिस्ती घरांसमोर नळे पेटवायला श्रीमंत स्वच्छ धोतर नेसून जायचा. एका यात्रेत एक नळा असा काही फुलला की फुलं देवळापुढच्या लिंबाच्या शेंड्यावर गेली. श्रीमंत ओरडला, "मास्तर, झाडाच्या वर गेला! झाडाच्या वर!" वर्गात कधी आवाज न चढवणारे अब्राहाम मास्तर त्याचे दोन्ही हात धरून गर्रकन फिरले. त्यांच्या पिशवीतून डोकं बाहेर काढून मी ते बघत होतो. माझ्या अंगावर वळलेला नळा होता तो.

आता पुढचं सांगायचं म्हणजे माझं लाकूड आजही आक्रसतं.

एकोणीसशे एकाहत्तर साल. चैत्र महिना. यात्रा तीन दिवसांवर आली होती. बारा नळे भरून झाले होते आणि शेवटची खळ वाळावी म्हणून खोपीबाहेर पोत्यावर मांडले होते. उरलेली दारू आत होती. त्या सकाळी मास्तरांनी पाहिलं तर सागवानी पेटीचा तळ वाळवीनं खाल्लेला. उचलली की भुगा गळतोय.

त्याच दिवशी डेप्युटी साहेब शाळा तपासायला येणार होते. मास्तर घाईत होते. ते घरी गेले आणि येताना एक पत्र्याचा डबा घेऊन आले. मी भिंतीच्या कोनाड्यात होतो. मला वाटलं, ते दारातूनच परत फिरतील. ते फिरले नाहीत. दारू डब्यात ओतली, वर पोतं टाकलं आणि स्वतःशीच म्हणाले, "आजच्या दिवस."

तेवढ्यात श्रीमंत आला. मागून त्याची बायको राहीबाई न्याहारी घेऊन आली. मास्तर सायकलवर टांग टाकता टाकता म्हणाले, "श्रीमंतराव, साहेब येतायत. मला दुपारी यायला जमणार नाही. आभाळ आलं तर एवढे नळे आत घ्या. भिजले तर वर्षाची मेहनत जाईल."

"घेतो की. तुमी निवांत जावा," श्रीमंत म्हणाला.

डब्याचं मास्तर बोलले नाहीत. विसरले. मी बोलू शकलो असतो तर! पण लाकडाला तोंड नसतं.

दुपारी खरंच वळवाचं आभाळ आलं. श्रीमंत नांगर सोडून धावत आला. एक एक नळा छातीशी धरून, तान्ह्या पोरासारखा, आत आणू लागला. दोन आणले, चार आणले. जागा पुरेना. कोपर्‍यात पोत्याखाली काहीतरी होतं. त्यानं ते बाजूला सारायला ओढलं. पत्र्याचा डबा दगडी फरशीवरून खर्रकन सरकला.

आवाज मी ऐकलाच नाही. लोक म्हणतात तो शेजारच्या गावात ऐकू गेला. मी कोनाड्यात होतो आणि मग बाभळीखाली मातीत होतो. मधलं काही नाही. माझं एक अंग काळं पडून धुमसत होतं. खोपीला छप्पर नव्हतं. आणि वरून कागद पडत होते. सावकाश, गिरक्या घेत. पोरांचे पेपर आभाळातून पडत होते.

राहीबाई विहिरीकडून पळत आली. 

तेव्हा धुरातून श्रीमंत स्वतःच्या पायांनी चालत बाहेर आला. त्याचा चेहरा अर्धा काळा होता. उजव्या मनगटाच्या पुढं हात राहिला नव्हता. त्यानं तो बघितलाही नाही. बायकोला म्हणाला, "राहे, नळं भिजलं का गं?"

आभाळातून एक थेंब पडला नव्हता.

एवढं विचारून तो खाली बसला आणि मग कलंडला. माणसं धावली. बैलगाडीतून सडकेपर्यंत आणि तिथून एका मालमोटारीतून त्याला नगरला दवाखान्यात नेलं. मास्तर आले तेव्हा गाडी निघून गेली होती. बोटांना खडू तसाच होता. ते बांधावर बसले, उठले, पुन्हा बसले. कोपर्‍यात फाटून उलटा झालेला पत्र्याचा डबा त्यांनी बघितला आणि तोंड दोन्ही हातांनी झाकलं.

मला वाटलं, यापेक्षा वाईट काही बघायचं उरलं नाही. पण ते दुसर्‍या दिवशी सकाळी बघितलं.

फौजदार आले पंचनाम्याला. बरोबर पोलीस पाटील आप्पासाहेब आणि दोन पंच. राहीबाई दवाखान्यातून कपडे न्यायला आली होती, ती जरा लांब उभी होती. फौजदार बूट आपटत फिरले आणि विचारलं, "हा उद्योग कुणाचा?"

 सगळ्यांच्या नजरा मास्तरांकडे. मी बाभळीखालून बघत होतो. मला खात्री होती. सात वर्षं त्यांच्या हातात राहिलो होतो मी. एकदा एका पोराच्या पेपरात जास्तीचा अर्धा मार्क पडला म्हणून स्वतः त्याच्या घरी जाऊन चूक कबूल करणारे मास्तर ते.

मास्तर म्हणाले, "श्रीमंतचा, साहेब."

आप्पासाहेबांनी चमकून मान वर केली.

"तुम्ही काय करायचा?"

"मी... मी कधीमधी बघायला यायचो. काल मी शाळेत होतो. डेप्युटी साहेबांना विचारा. तो न विचारता काहीतरी करत बसला असावा."

"पत्र्याचा डबा कुणी आणला?"

"त्यानंच आणला असेल. अडाणी माणूस, त्याला काय कळतंय?"

एका शिपायाच्या पायाला मी लागलो. त्यानं मला उचललं. "हे काय?"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच मला त्यांच्या डोळ्यांत ओळख दिसली नाही. "शाळेचा रूळ आहे. बरेच दिवस सापडत नव्हता. नेला असेल त्यानं."

मी सुन्न झालो. स्फोटानं माझं एक अंग जाळलं होतं, पण मी फुटलो नव्हतो. त्या वाक्यानं मला आतून तडा गेला. श्रीमंत चोर? नळे भिजू नयेत म्हणून धावलेला श्रीमंत? आणि हे कोण म्हणतंय?

शिपायानं मला पंचनाम्यात घेतलं नाही. फेकून दिलं. सगळे निघून गेल्यावर राहीबाई खाली वाकली. तिनं मला उचललं. इकडेतिकडे विखुरलेले अर्धे जळके कागद गोळा केले, पदरात बांधले. रडली नाही. 

अडीच महिन्यांनी श्रीमंत घरी आला. उजवा पंजा नाही, डावा डोळा पांढरा. मी त्यांच्या घरात कणगीमागं पडून होतो. राहीबाईनं त्याला सगळं सांगितलं.  मग हवालदार जबाब घ्यायला आला.

"मास्तर म्हणतात ते खरं का?"

"खरं हाय. माजाच उद्योग. डबाबी मीच आनला."

राहीबाई दारातून आत आली. "अवो, काय बोलताय ह्ये?"

"तू गप."

हवालदार गेल्यावर ती उसळली. "माज्या म्होरं सांगून गेलं की मास्तर, नळं आत घ्या म्हनून! तुमाला चोर म्हनलं त्यानं!"

"म्हनू दे. माजा हात गेला त्यो गेला. त्येंची नोकरी जाऊन माजा हात उगवनार हाय का? गावाला एक मास्तर हाय. त्यो गेला तर शाळंला कुलूप."

राहीबाई चुलीकडे वळली. पण दुसर्‍या दिवशी सकाळी तिनं कागद पदरात घेतले, मला हातात धरलं आणि ती थेट मास्तरांच्या दारात गेली.

मेरीबाई तांदूळ निवडत होत्या. मास्तर खुर्चीवर बसले होते, शाळेत निघायचे कपडे करून. राहीबाईला बघून ते उभे राहिले.

राहीबाईनं एक कागद मेरीबाईंच्या पुढ्यात धरला. "बाई, मला वाचता येत न्हाई. ह्ये तांबडं काय लिवलंय त्येवढं सांगा."

मेरीबाईंनी चष्मा लावला. "नळा बारावा," त्यांनी वाचलं. "सगळ्यांत शेवटी. भैरोबासमोर. श्रीमंतरावांच्या हातानं लावणे."

वाचता वाचता त्यांचा आवाज बारीक होत गेला. ते अक्षर त्या वीस वर्षं ओळखत होत्या. त्यांनी दुसरा कागद घेतला. तिसरा घेतला. मग नवर्‍याकडे बघितलं.

"तुम्ही मलाही तेच सांगितलंत," त्या म्हणाल्या. "की सगळा उद्योग त्याचाच. आता तुम्ही नुसते बघायला जाता, म्हणून. मी देवाचे आभार मानले, तुम्ही वाचलात म्हणून. अडीच महिने रोज."

मास्तरांनी खुर्चीची पाठ धरली.

राहीबाई म्हणाली, "ह्ये मी फौजदाराला दिलं न्हाई. द्येनार बी न्हाई. मालकानं तुमच्यापायी खोटा जबाब दिलाय कालच्याला. म्हनलं, तुमाला ठावं असावं." तिनं कागद तांदळाच्या सुपाशेजारी ठेवले आणि मला घेऊन परत निघाली. मागून खुर्ची पडल्याचा आवाज आला. तिनं वळून पाहिलं नाही.

मास्तर त्या दिवशी शाळेत गेले नाहीत. तालुक्याला ठाण्यावर चालत गेले, सायकल असताना. जळके कागद फौजदारापुढे ठेवले आणि म्हणाले, "माझा पहिला जबाब खोटा आहे. नळे माझे, दारू माझी, डबा माझा. त्याला आत पाठवणारा मीच." गावात ही बातमी आली तेव्हा आप्पासाहेबांच्या हातातला पेला पडला म्हणतात.

खटला झाला. मास्तरांना चार महिन्यांची कैद झाली आणि नोकरी गेली. शाळेला खरंच कुलूप लागलं. पुढं आठ महिने गावाला मास्तर मिळाला नाही.

आणि श्रीमंत? तो खूश होईल असं मला वाटलं होतं. तो संतापला. इतका की भाकरीचं ताट भिरकावून दिलं. "मी खोटं बोललो त्ये काय गंमत म्हनून? हात ग्येला, आन आता मास्तरबी ग्येला! कुनाच्या उपेगाला आलं ह्ये?" राहीबाई म्हणाली, "माज्या उपेगाला आलं. मी चोराची बायको न्हाई." पण त्यानंतर मास्तरांचं नाव त्यानं घरात घेऊ दिलं नाही.

पुढचं साल बहात्तरचं. त्या दुष्काळाबद्दल मी काय सांगू! रानात हिरवं पान नव्हतं. अख्खं गाव सडकेच्या कामावर खडी फोडायला जाई. सुटून आलेले मास्तरही तिथंच. ज्या हातांनी पाटीवर ग म भ न काढलं, त्या हातांना फोड आले. राहीबाई त्यांच्यापासून दहा हातांवर बसून खडी फोडायची. दोघं बोलत नसत. एकदा मास्तरांच्या मडक्यातलं पाणी संपलं तर तिनं आपला तांब्या मधोमध ठेवला, एवढंच. तिनं ते घरी येऊन सांगितलं. श्रीमंत ऐकून कूस बदलून झोपला.

श्रीमंतला खडी फोडता येत नव्हती. रिकामं बसवेना. घायपाताच्या पानांतले तंतू, म्हणजे वाख, काढून तो दोर वळायला लागला. वाखाचं टोक माझ्या मधोमध बांधायचं आणि डाव्या हातानं मला गरागरा फिरवायचं, म्हणजे पीळ बसतो. हे माझं तिसरं काम. पण दोराला दोन माणसं लागतात. एकानं पीळ घालायचा, दुसर्‍यानं समोर बसून वाख पुरवायचा. श्रीमंत ते टोक खांबाला बांधे आणि दर चार हातांवर उठून स्वतःच वाख लावायला जाई. तोवर पीळ उलगडे. पुन्हा पहिल्यापासून.

परवाचीच गोष्ट. त्र्याहत्तरचा श्रावण. उन्हं उतरली होती. राहीबाई चुलीपाशी होती. श्रीमंत अंगणात असाच उठबस करत होता आणि दोर चौथ्यांदा सुटला होता. दारात कुणीतरी येऊन थांबलं. पांढरे झालेले केस, हाताला घट्टे. मी ओळखलं. आत यायचं धाडस त्यांना होत नव्हतं आणि परत जायला पाय निघत नव्हता.

श्रीमंतनं चांगल्या डोळ्यानं एकदाच तिकडं बघितलं. मी त्याच्या मुठीत होतो. ती मूठ आवळली. आता हा मला फेकून मारतो, असंच मला वाटलं.

"उबा काय र्‍हायलास?" श्रीमंत म्हणाला. "त्यो वाख धर की."

र्‍हायलास! धर! मी थक्क झालो. चुलीपाशी राहीबाईचा हात थांबला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो त्यांना एकेरीत बोलला होता.

मास्तर खाली बसले. "व्हय," म्हणाले, गावातल्या कुठल्याही माणसासारखं, आणि वाखाची गड्डी मांडीवर ओढली.

वाचकहो, माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या ओळखीत कुणी हौसेनं नळे करत असेल, तर आज जाऊन त्याला विचारा, दारू कशात ठेवलीस म्हणून. पत्र्याचा डबा असेल तर दारातच हातापाया पडा, पण 'आजच्या दिवस' असं त्याला म्हणू देऊ नका.

बरं, आता बोलणं पुरे. वाख लागलाय, पीळ सैल सोडून चालायचं नाही. हे दोघं अजून एकमेकांशी बोलत नाहीत, पण दोर बारा हात झालाय.